एकट्याला ताट नाही: कोरियातलं जेवण, पाच दिवसांचा बाजार आणि ‘खाणारी तोंडं’

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी जे फाटे फोडले होते त्यातले काही छाटलेत, काही मुद्दाम ठेवलेत.

आपल्याकडे अनलिमिटेड थाळीच्या हॉटेलात भिंतीवर एक पाटी हमखास असते: ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये’. कोरियात याच्या बरोबर उलटी पाटी दिसते: ‘किमान दोन माणसांची ऑर्डर’. मेन्यूवर भाव माणशी लिहिलेला असतो, पण तुम्ही एकटे गेलात तर दोघांचे पैसे भरा आणि दोघांचं खा, नाहीतर दुसरं हॉटेल बघा. सगळीकडे असं नसतं. नूडल्सचा वाडगा, सूप-भात, किमबाप हे एकट्यालाही मिळतं. पण टेबलावर शेगडी ठेवून भाजायचं मांस, मोठ्या पातेल्यात उकळणारा रस्सा, परतलेली तिखट कोंबडी, म्हणजे ड्रामात बघून ज्यासाठी आपला जीव टांगणीला लागतो ते बहुतेक सगळं जोडीनंच मिळतं.

एका प्रोजेक्टसाठी मी नऊ महिने पांग्योत होतो. पांग्यो म्हणजे सोलच्या दक्षिणेला, सॉंगनाम शहरातला आयटीचा पट्टा. हिंजवडीचा शिस्तीत वाढलेला भाऊ समजा. तिथं राहून, खाऊन आणि विचारून जे कळलं ते आज सांगतो. ड्रामात काय दाखवतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, त्यामुळे ते सोडून.

आधी या दोघांच्या अटीचा हिशोब बघू, कारण तो रागाचा किंवा हट्टाचा नाही, सरळ धंद्याचा आहे. तुम्ही बसलात की काही न मागता टेबलावर छोट्या छोट्या वाट्या येतात: किमची, मोड आलेली कडधान्यं, पालक, सुके मासे, मुळ्याचं लोणचं. यांना बानचान म्हणतात. त्यांचे पैसे लागत नाहीत आणि संपलं की पुन्हा मिळतं. शेगडी पेटवावी लागते, जाळी धुवावी लागते, चौघांचं टेबल अडतं. हा सगळा खर्च एक माणूस आला काय आणि चार आले काय, जवळपास तेवढाच. आमच्या भाषेत सांगायचं तर फिक्स्ड कॉस्ट जास्त आणि एकटा ग्राहक म्हणजे तोटा. म्हणून दोघे या.

पण हिशोबाच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती भाषेतून चांगली कळते.

शिजवलेल्या भाताला कोरियनमध्ये म्हणतात ‘बाप’. हो, बाप. हसून झालं असेल तर पुढे जाऊ. कच्च्या तांदळाला ‘स्साल’. शेतातल्या पिकाला ‘ब्यॉ’. म्हणजे इंग्रजीला ज्या तिन्हीसाठी ‘राइस’ हा एकच शब्द पुरतो, तिथं त्यांना आपल्यासारखेच वेगवेगळे लागतात: साळ, तांदूळ, भात. (स्साल आणि साळ कानाला सारखे वाटतात, पण त्यावरून नातं जोडायला जाऊ नका. कानाला काहीही सारखं वाटतं.) हाच ‘बाप’ जेवणाचाही शब्द आहे. भेटल्यावर ‘कसा आहेस’च्या जागी ‘बाप मगॉस्सॉ?’ विचारतात, म्हणजे जेवलास का? आपली आजी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारते, त्यामुळे याचं मला कौतुक वाटलं नाही, घरच्यासारखं मात्र वाटलं.

पुढचा शब्द जास्त महत्त्वाचा आहे. घरातल्या माणसांना म्हणतात ‘शिक्कू’. चिनी अक्षरांतून आलेला शब्द, त्यातलं पहिलं अक्षर खाण्याचं, दुसरं तोंडाचं. खाणारी तोंडं! आपल्याकडे ‘घरात खाणारी तोंडं किती?’ असं विचारतात तेच, फक्त आपल्याकडे त्या वाक्याला खर्चाची किंवा कुरकुरीची छटा असते. तिकडे तो प्रेमाचा, साधा शब्द आहे. ऑफिसातल्या टीमलाही कौतुकानं शिक्कू म्हणतात. एका हंड्यातला भात खाणारे ते आपले, अशी ती कल्पना.

आता यातला आपल्या लोकांना खटकणारा भाग. टेबलाच्या मधोमध किमचीचा किंवा सोयाबीनच्या पेस्टचा रस्सा उकळत असतो आणि जुन्या पद्धतीनं चौघेही आपापले चमचे त्याच भांड्यात घालून खातात. म्हणजे तोंडातला चमचा परत रश्श्यात. ज्याच्या घरी ‘उष्टा हात लावू नकोस’ ऐकत बालपण गेलंय त्याच्या पोटात इथं गोळा येतो. माझ्याही आला. पण टीममधल्या सीनियरनं कुणी काही म्हणायच्या आत सगळ्यांसमोर छोट्या वाट्या आणि एक डाव ठेवला. करोनानंतर हेच वाढलंय. सरकारनंही वेगळ्या वाट्यांत वाढून घ्या असा आग्रह धरला होता. तेव्हा जाणार असाल तर घाबरू नका, वाटी मागितली तर कुणी नाक मुरडत नाही.

आणि इथं मला सगळ्यात जास्त आवडलेली माहिती सांगतो. एका भांड्यातून खाणं ही काही हजारो वर्षांची परंपरा वगैरे नाही. जोसॉन काळात, म्हणजे १३९२ पासून पुढची पाचशे वर्षं जे राज्य होतं त्या काळात, बड्या घरातल्या कर्त्या पुरुषाला स्वतंत्र छोटं मेज मिळायचं. ‘सोबान’ म्हणतात त्याला, आपल्या चौरंगाएवढं, एका माणसापुरतं. त्यावर मोजून वाट्या: तीन, पाच, सात, नऊ आणि राजाला बारा. भात, रस्सा, किमची या मोजणीत धरत नसत, ते असणारच. एकट्यानं जेवणं हा तेव्हा मान होता. चौघांनी एका मेजाभोवती बसून खाणं विसाव्या शतकात घरोघरी पसरलं. म्हणजे आपण ज्याला ‘अस्सल कोरियन एकोपा’ म्हणून स्क्रीनवर बघतो तो बराचसा आपल्या पणजोबांच्या काळातला आहे.

मेजावरचे नियम मात्र जुने आणि अजून जिवंत. सगळ्यात वडीलधाऱ्यानं चमचा उचलल्याशिवाय बाकीचे सुरुवात करत नाहीत. भात आणि रस्सा चमच्यानं, बाकीचं धातूच्या काड्यांनी. वाडगा उचलून तोंडाला लावायचा नाही, ते जपानमध्ये चालतं. भातात चमचा उभा खोवायचा नाही, कारण पितरांच्या पूजेत तसा खोवतात. आपल्याकडे श्राद्धाचं पान उलट्या बाजूनं वाढतात म्हणून एरवी तसं वाढलं की आजी ओरडते ना, तसंच. स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही, दुसऱ्याचा भरायचा आणि आपला कुणीतरी भरेल याची वाट बघायची. मोठ्या माणसानं ओतलं तर दोन्ही हातांनी धरायचं आणि पिताना तोंड बाजूला वळवायचं. तीर्थ घेताना उजव्या हाताखाली डावा हात आपोआप जातो, तसा त्यांचाही जातो. मी पिणारा नाही, मला बार्लीचा चहा ओतायचे, तरी हात दोन्ही.

वयाचा संबंधही पोटाशीच. नव्या चांद्रवर्षाला तांदळाच्या वड्यांचं सूप खातात, ‘तॉक्कुक’. ते खाल्लं की तुम्ही एक वर्षानं मोठे झालात. म्हणून ‘तॉक्कुकचे किती वाडगे झाले?’ म्हणजे वय किती. जन्मताच एक आणि दर एक जानेवारीला सगळ्यांचं एकेक वाढवायचं, ही तिथली जुनी पद्धत. डिसेंबरच्या ३१ ला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! कोणाला आधी वाढायचं हे वयावर ठरतं, त्यामुळे वय विचारणं हा तिथं आगाऊपणा नसतो. २८ जून २०२३ पासून सरकारी कामात बहुतेक ठिकाणी जगासारखंच वय मोजतात. गप्पांत अजून दोन्ही चालतं.

चला, आता बाजार. इथं मी थोडा रेंगाळणार आहे.

पांग्योच्या काचेच्या इमारतींपासून फार लांब नाही, त्याच सॉंगनाम शहरात मोरानचा बाजार भरतो. रोज नाही. ‘ओइलजांग’, म्हणजे पाच दिवसांनी भरणारा बाजार. तारखेच्या शेवटी ४ किंवा ९ असेल त्या दिवशी: ४, ९, १४, १९, २४, २९. प्रोग्रामर मंडळींच्या लक्षात आलंच असेल, तारखेला पाचनं भागून बाकी चार उरली की बाजार. कांग्वन प्रांतातल्या जॉंगसॉनचा बाजार २ आणि ७ ला, म्हणजे बाकी दोन. आसपासच्या गावांनी वेगवेगळी बाकी धरली की फिरत्या विक्रेत्याला पाच दिवसांत पाच बाजार करता येतात आणि कोणाचाच दिवस कोणावर आदळत नाही. आपल्याकडे आठवडी बाजाराचं हेच तंत्र आहे, सोमवारी या गावाला, मंगळवारी पलीकडच्या. फक्त आपण वारावर चालवलं, त्यांनी तारखेवर.

पाठीवर गाठोडी घेऊन हे बाजार पायी करणाऱ्या विक्रेत्यांना ‘बोबुसांग’ म्हणायचे. ली ह्यो-सॉक या लेखकाची १९३६ सालची एक कथा आहे, कोरियात शाळेपासून वाचतात. त्यात असेच तिघे फिरते विक्रेते बोंगप्यॉंगचा बाजार उरकून चांदण्यात, कुट्टूच्या पांढऱ्या फुलांतून, गाढवं घेऊन देह्वाच्या पुढच्या बाजाराला निघतात. रात्र चालण्यात का काढायची? पुढच्या गावाची तारीख थांबत नाही म्हणून.

मोरानमध्ये काय मिळतं? वाळलेल्या लाल मिरच्यांची पोती, लसणाच्या माळा, रानभाज्या, कोंबड्या, रोपं, खुरपी, आजोबांच्या टोप्या, तळलेली पुरी-भज्यांची चुलत भावंडं. तिळाच्या तेलाची एक अख्खी गल्ली आहे. तीळ आधी भाजतात, मग घाण्यातून काढतात, त्यामुळे आपल्या तिळाच्या तेलापेक्षा रंग गडद आणि वास दुप्पट. ते तेल विकतात कशात? सोजू दारूच्या हिरव्या रिकाम्या बाटल्यांत. हातात बाटली घेऊन मेट्रोत बसलात तर सगळे तुमच्याकडे बघतात असं वाटतं, बघत कुणीच नाही.

तुमच्यातल्या निम्म्यांच्या ओठांवर असलेला प्रश्नही इथंच उरकतो: कुत्र्याचं मांस. मोरान एकेकाळी त्यासाठीच बदनाम होता. तिथले कत्तलखाने काही वर्षांपूर्वी बंद झाले. जानेवारी २०२४ मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला आणि तीन वर्षांच्या मुदतीनंतर २०२७ पासून विक्री हा गुन्हा ठरतो. माझ्या वयाच्या एकाही सहकाऱ्यानं ते खाल्लेलं नव्हतं. तेव्हा कोरियन माणूस भेटल्यावर पहिला विनोद हा करू नका, प्लीज.

बाजारात भाव सांगतात ‘गन’मध्ये. गंमत अशी की मांसाचा गन ६०० ग्रॅमचा आणि भाजीचा ४०० चा. कायद्यानं सगळं किलोत हवं, पण तोंडातलं माप जात नाही, जसं आपल्या गावी पायली आणि मापटं अजून गेलेलं नाही. आणि माप भरून झाल्यावर बाई वर एक मूठ टाकते. त्या मुठीला शब्द आहे: ‘डॉम’. ठरलेल्या मापावर, न मागता, किंवा थोडंसं मागून मिळालेलं. कोथिंबिरीच्या दोन काड्या, मूठभर मिरच्या. आपल्याकडे झुकतं माप म्हणतो तेच. एकदा मी मिरच्या घेतल्या, पिशवी बंद झाली होती, तेवढ्यात मी कुठून आलो हे तिनं विचारलं. ‘इन्दो’, म्हणजे भारत, म्हटल्यावर पिशवी परत उघडून अजून एक मूठ आत. भारतीय माणसाला मिरच्या कमी पडतील अशी तिला काळजी.

त्या बाईला हाक काय मारायची? कोरियनमध्ये वाढपी बाईला, बाजारातल्या बाईला म्हणतात ‘इमो’. इमो म्हणजे आईची बहीण. मावशी! वडिलांच्या बहिणीला वेगळा शब्द आहे, ‘गोमो’, आणि गोमो म्हणून कुणी भाजीवालीला हाक मारत नाही. आपणही भाजीवालीला मावशी म्हणतो, आत्या म्हणत नाही. का बरं? माझा अंदाज असा की आत्या मान मागते आणि मावशी खाऊ देते, पण यावर कमेंटमध्ये भांडण होणार हे मला माहीत आहे. हल्ली तरुण मंडळी इमोऐवजी ‘साजांगनिम’, म्हणजे मालक, म्हणतात. ते जास्त सुरक्षित. ‘आजुम्मा’ मात्र म्हणू नका, ते ‘ए बाई’सारखं लागू शकतं.

पर्यटकांच्या रील्समध्ये दिसतो तो बाजार वेगळा: सोलचा ग्वांगजांग. १९०५ साली सुरू झालेला आणि कोरियन व्यापाऱ्यांनीच उभा केलेला कायमचा बाजार म्हणून त्याचं नाव आहे. २०१९ साली नेटफ्लिक्सच्या ‘स्ट्रीट फूड: एशिया’मध्ये तिथला एक नूडल्सचा ठेला दाखवला आणि रांगा आणखी वाढल्या. तिथली खासियत ‘बिनदेत्तॉक’: सोललेले मूग भिजवून, ठेल्यावरच फिरणाऱ्या जात्यावर वाटून, मोड आणि किमची घालून, भरपूर तेलात टाकलेलं जाड धिरडं. आपल्या मुगाच्या धिरड्याला कुणी जिममध्ये घातलं तर असं होईल. शाकाहारींनो, थांबा, त्यात बऱ्याचदा डुकराचं मांस असतं.

याच ग्वांगजांगमध्ये २०२३ च्या शेवटी एक वाद पेटला. १५,००० वॉनची (हजार वॉन म्हणजे साठ-पासष्ट रुपये धरा) भज्यांची मिक्स प्लेट आणि त्यात मोजके तुकडे, असा व्हिडिओ फिरला. लोक खवळले. मग शहर प्रशासन आणि व्यापाऱ्यांनी ठरवलं की यापुढे किती वजन, किती नग हे पाटीवर लिहायचं. योग्यच झालं. पण मला यात डॉमची आठवण आली. झुकतं माप ओळखीवर चालतं. दर पाच दिवसांनी येणाऱ्या गिऱ्हाइकाला बाई मूठ वर टाकते, कारण ते परत येणार आहे. आयुष्यात एकदाच येणाऱ्या माणसाला वजनाची पाटीच वाचवते.

एकत्र खाण्याची सगळ्यात मोठी मोहीम म्हणजे ‘किमजांग’: नोव्हेंबर संपता संपता अख्ख्या हिवाळ्याची किमची एका दमात घालणं. शेकडो नापा कोबी चिरून रात्रभर मिठाच्या पाण्यात, सकाळी धुवायचे आणि पानापानाला मिरचीचा लेप लावायचा. एका घराच्यानं होत नाही म्हणून शेजारणी येतात, मग त्यांच्याकडे आपण जायचं. या देवघेवीला ‘पुमाशी’ म्हणतात. गावाकडच्यांनी लगेच ओळखलं असेल, आपली सावड. संध्याकाळी उकडलेलं डुकराचं मांस आणि ताजी किमची असं जेवण, शिवाय प्रत्येकीला डबा भरून. पूर्वी कंपन्या या महिन्यात ‘किमजांग बोनस’ द्यायच्या. २०१३ साली युनेस्कोनं किमजांगला वारशाच्या यादीत घेतलं. नोंद पदार्थाची नाही, तो मिळून करण्याची आणि वाटण्याची आहे. उत्तर कोरियाची वेगळी नोंद २०१५ ची.

(त्यातली लाल मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोरियात ती सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास पोचली असं मानतात. त्याआधीची किमची पांढरीच. आपल्या ठेच्यालाही पोर्तुगीज येईपर्यंत थांबावं लागलं होतं.)

२०१० च्या शरद ऋतूत पीक बुडालं आणि एक कोबी १०,००० वॉनच्या वर गेला, तेव्हा देशभर हाहाकार झाला. कांदा शंभरावर गेला की आपल्याकडे काय होतं ते आठवा. ऑफिसात मात्र आता किमजांग करणारे थोडेच. न करणाऱ्यांना थट्टेनं एक नावही आहे, ‘किमपोजोक’, किमजांग सोडून दिलेली जमात. आई गावाहून कुरियर करते किंवा सरळ पाकीट विकत. किमचीचा स्वतंत्र फ्रिज मात्र कित्येक घरांत असतो. १९९५ साली पहिला गाजलेला आला, जमिनीत पुरलेल्या रांजणाइतकं थंड ठेवणारा.

आणि आता मुद्द्यावर. ही सगळी यंत्रणा, दोघांची ऑर्डर, मधोमधचा रस्सा, सावडीची किमची, ओळखीचं झुकतं माप, खाणारी तोंडं बरीच आहेत असं धरून बनलीय. २००० साली कोरियात एकट्या माणसाची घरं साडेपंधरा टक्के होती. २०२३ मध्ये ती ३५.५ टक्के झाली. तीन घरांतलं एक घर म्हणजे एकच तोंड. भातही उतरला: १९७० साली माणशी वर्षाला १३६ किलो तांदूळ लागायचा, २०२३ साली ५६ किलो. म्हणजे ‘बाप खाल्लास का’ विचारणं तेवढंच राहिलं, बाप मात्र निम्म्याहून कमी झाला.

एकट्यानं जेवण्याला आता शब्द आहे, ‘होनबाप’. ‘होन्जा’ म्हणजे एकटा, त्याचा होन आणि आपला बाप. शब्द आला कारण आधी ते सांगायला लाज वाटायची. कॉलेजात एकटं जेवणारं पोर म्हणजे ज्याला मित्र नाहीत असं समजायचे, काहीजण म्हणे टॉयलेटमध्ये बसून डबा संपवायचे. मुकबांग तुम्हाला माहीतच आहे, कॅमेऱ्यासमोर ढीगभर खाणं. आज तो जगभर तमाशा झालाय. पण २०१० च्या आसपास कोरियात लाइव्ह सुरू झाला तेव्हा समोर आपला वाडगा ठेवून तो बघणारे बरेच जण होते. समोर कुणीतरी खातंय, एवढंच हवं होतं.

मला विचाराल तर होनबापची कीव करण्यासारखं काही नाही. देशात पन्नास हजारांवर कन्व्हिनियन्स स्टोअर्स आहेत. काचेला लागून उंच फळी, गरम पाण्याचा नळ, एका माणसाचा डबा. रात्री अकराला काम संपवून तिथं रामेन खाताना मला कुणी ‘एकटेच का?’ विचारलं नाही आणि ते फार बरं वाटलं. पुण्यात पीजीत राहणाऱ्यांना कळेल. पांग्योत एका माणसापुरती छोटी जाळी देणारी मांसाची हॉटेलंही निघालीत, प्रत्येकापुढे पडदी. जोसॉन काळातलं सोबानच परत आलं, फक्त आता त्यावर बसणारा कर्ता पुरुष नाही, भाड्याच्या खोलीतला इंटर्न आहे.

मला चिंता वाटते ती बाजाराची. एकट्या माणसाला कोबीचा गड्डा नको असतो, पाव गड्डा हवा असतो. मध्यरात्रीआधी अ‍ॅपवर टाकलं की सकाळी सातच्या आत दारात पिशवी येते. देशात साधारण चौदाशे पारंपरिक बाजार आहेत आणि त्यांना वाचवायला सरकारनं बरेच उपाय केले. २००९ पासून फक्त तिथंच चालणारी ‘ओन्नुरी’ कुपनं आली. २०१२ पासून मोठ्या मार्टना महिन्यातून दोन दिवस, बहुतेक ठिकाणी रविवारी, बंद ठेवायची सक्ती झाली. मार्ट बंद असला की लोक बाजारात जातील, असा हिशोब. माझ्या खोलीशेजारचा मार्ट बंद असला की माझे सहकारी काय करायचे? फोन उघडायचे. बाजारात कुणी गेलं नाही. देगू शहरानं तर फेब्रुवारी २०२३ मध्ये सुट्टी रविवारची सोमवारवर नेली आणि मागोमाग आणखी शहरांनीही. मार्ट बंद ठेवून बाजार भरत नाही, असं माझं मत. कुपनाचं मात्र पटतं, कारण सणाच्या आधी कंपनीनं ती वाटली तेव्हा माझे दोन सहकारी पहिल्यांदा मोरानला आले. एकजण तिथं जन्मापासून राहत होता.

शाकाहारींचे मेसेज बरेच असतात म्हणून थोडक्यात. साध्या भाजीच्या सूपचं पाणीसुद्धा बहुतेक वेळा सुक्या माशांचं असतं आणि किमचीत खारवलेली कोळंबी असते, डोळ्यांना दिसत नाही. ‘मी मांस खात नाही’ म्हटलं तर समोरचा मासे काढत नाही. तेव्हा मांस, मासे, कोळंबी अशी नावं घेऊन सांगा. बौद्ध मठांचं जेवण पूर्ण शाकाहारी असतं आणि त्यात कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या आईला फोटो पाठवले तेव्हा तिचं उत्तर आलं, ‘एवढं लांब जाऊन हेच खातोयस होय?’

मोरानला जायचं असेल तर पांग्योहून ग्यॉंगगांग लाइननं इमेपर्यंत, तिथं सुइन-बुंदांग लाइन पकडून दोन स्टेशनं. तारखेच्या शेवटी ४ किंवा ९ आहे ना ते बघूनच निघा. सकाळी लवकर जा आणि सुट्ट्या नोटा ठेवा, जमिनीवर पथारी टाकून बसलेल्या आज्यांकडे कार्ड चालेलच असं नाही. भाव विचारून झाला, पिशवी भरली की म्हणा, ‘इमो, मानी जुसेयो.’ मावशी, भरपूर द्या.

पुढचा भाग कोरियातल्या भाड्याच्या खोल्यांवर आहे: डिपॉझिट इतकं की भाडं लागतच नाही. प्रश्न कमेंटमध्ये टाका. आणि हो, आत्या-मावशीचं भांडणही तिथंच.